किती संगणकांवर?

"मग तो पुन्हा घ्यावा लागतो का?" केतकीने विचारलं.

भागीरथीआक्का बोरू तासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय?"

"उपदेश."

आक्कांनी बोरूच्या टोकावर फुंकर मारली. "काहून? हरवला?"

"हरवला नाही. नेम मोडला. एकदा नाही, रोज मोडला. वर्षभर. आता मी तुमची शिष्या उरले की नाही, एवढंच सांगा. नसेन उरले तर पुन्हा घ्यायला मी तयार आहे."

हे बोलणं तिने मेहकरहून येताना बसमध्ये चारदा मनात म्हणून पाहिलं होतं. चारही वेळा ते यापेक्षा बरं जमलं होतं.

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं. "बरी आहेस?"

"हो. बरी आहे."

"पोरगी?"

"तीही."

"आणि तो?" आक्कांनी बोरूने कोपऱ्यातलं टेबल दाखवलं.

टेबलावर मठाचा एकुलता एक संगणक पोट उघडं टाकून आडवा झाला होता.

बोरजवळ्याचा हा मठ म्हणजे तीन खोल्या, एक कडुलिंब आणि भिंतीतल्या कपाटात फडक्यांत बांधलेल्या दोनशे सहा पोथ्या. आक्का त्याच्या प्रमुख. त्याआधी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं होतं. आता ऐंशी उलटली होती, तरी समोरच्याचं उत्तर चुकलं की त्यांची भुवई अजून तशीच वर जायची.

केतकी इंगळे इथे पोथ्या टंकायला यायची. एम.एस्सी., पहिला वर्ग. पाच वर्षांपूर्वी आली तेव्हा वाटलं होतं, सहा महिन्यांत काम संपवून टाकू. दोन वर्षांत एकेचाळीस पोथ्या झाल्या आणि मध्येच कधीतरी तिने आक्कांकडून उपदेश घेतला.

त्या मठात उपदेशासोबत ज्याला त्याला एक नेम मिळतो. कुणाला एकादशी, कुणाला मौन, कुणाला पहाटेचं स्नान. केतकीला आक्कांनी सांगितलं होतं, पाहिलं तेवढंच बोलावं.

ती जरा खट्टू झाली होती तेव्हा. एवढंच? हे तर आपण असंही करतो.

मग मंदारशी लग्न झालं, मग दिवस राहिले, मग डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला, मग ईरा झाली. ईरा आता अकरा महिन्यांची होती आणि या क्षणी मठाच्या मधल्या खांबाला बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपली होती. केतकी दर पाच मिनिटांनी उठून तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होती. श्वास दर वेळी चालूच असायचा. तरी.

उन्हाळ्यात लाइट वर-खाली होऊन संगणकाचा मदरबोर्ड जळाला, असा आक्कांचा निरोप आला होता. म्हणून ती आली. म्हणजे, घरी तरी तिने कारण तेच सांगितलं.

नवा बोर्ड तिने स्वतः बसवला. एकेक वायर लावून तिने तीनदा तपासली, कारण हल्ली ती गॅसही तीनदाच तपासायची. मग बटण दाबलं.

संगणक सुरू झाला. पोथ्या जिथल्या तिथे होत्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस.

फक्त पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, फिकट अक्षरं आली होती. ती कुठल्याही पानावरून हलत नव्हती.

"हे काय लिहिलंय?" आक्का पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"आतल्या सॉफ्टवेअरचा परवाना चालू करा म्हणतोय."

"आपण तर विकत घेतला होता. खोकं आहे माझ्यापाशी."

"घेतला होता. पण बोर्ड बदलला ना आपण. त्यामुळे त्याला वाटतंय की हे वेगळंच मशीन आहे. परवाना त्या मशीनला दिला होता. याला तो ओळखत नाही."

"पोथ्या दाखवतोय की."

"दाखवतोय. काम सगळं करतो. नुसती ओळख पटत नाहीये त्याची."

आक्का थोडा वेळ त्या फिकट अक्षरांकडे बघत राहिल्या.

"आणि आहे का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"वेगळंच मशीन?"

केतकीने तोंड उघडलं. तांत्रिक भाषेत या प्रश्नाला उत्तर होतं. दोन उत्तरं होती, हीच अडचण होती.

"ते... ठरवावं लागतं," ती म्हणाली.

"कोणी?"

केतकी उठून ईराचा श्वास बघून आली.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावायचा ठरला. स्क्रीनवर त्रेसष्ट आकडे आले होते. सातसात आकड्यांचे नऊ गट. ते फोनवर एकेक करून दाबायचे होते आणि एक चुकला की पहिल्यापासून. केतकीचा हात अशा वेळी हमखास घसरायचा, म्हणून आक्का वाचायला बसल्या. चौथीच्या वर्गाला पाढे सांगावेत तशा.

"चार, शून्य, सात. दाबलंस? सात म्हटलं, नऊ नाही."

"दाबला, आक्का."

"मग तोंडाने म्हण."

"सात."

नवव्या गटापर्यंत येताना दोघींनाही घाम फुटला. मग फोनमध्ये सतार वाजली, आणि सतारीनंतर एक बाई आली. नमस्कार हिंदीत केला, पण केतकीचं आडनाव ऐकल्यावर मराठीत बोलू लागली.

"मॅडम, एकच सांगा. ही प्रत किती संगणकांवर आहे?"



हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं. इंटरनेटवर तिने आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं. सगळे जण लिहीत होते, एक म्हणा आणि मोकळे व्हा. पण केतकीला मोकळं व्हायचं नव्हतं. बसमध्ये तिने ठरवलं होतं की आजपासून, निदान आजच्या दिवशी, निदान आक्कांच्या समोर, एकही खोटं तोंडातून जाऊ द्यायचं नाही. परवाना आधी एका बोर्डावर चढवला होता. आता दुसऱ्यावर चढवत होतो. कसंही मोजलं तरी...

"दोन," ती म्हणाली.

"दोन?"

"हो. दोन."

"मग होणार नाही, मॅडम. परवाना एकाच संगणकाचा आहे. दुसरा घ्यावा लागेल. आणखी काही मदत करू शकते?"

आणखी काही मदत ती करू शकत नव्हती.

केतकीने फोन खाली ठेवला. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आत कुठेतरी थोडं बरं वाटत होतं. काम गेलं, पण नेम राहिला. वर्षभरात पहिल्यांदा. हे आक्कांच्या लक्षात यावं म्हणून ती जरा ताठ बसली.

आक्कांच्या ते लक्षात आलं असावं.

"दोन कोणते?" त्यांनी विचारलं.

"एक जुना. एक हा."

"दाखव."

"काय दाखवू?"

"दोन्ही."

जुना बोर्ड केतकीने फेकला नव्हता. ती काही फेकत नसे हल्ली, ईराची लहान झालेली लंगोटी सुद्धा नाही. पिशवीतून तिने तो काढला. हिरवी पाटी, एका कोपऱ्यात काळा डाग, अजून किंचित जळका वास.

आक्कांनी कपाटातून धुतलेलं फडकं आणलं. पोथी उघडण्याआधी अंथरतात ते. ते त्यांनी जमिनीवर अंथरलं, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, आणि बोर्ड दोन्ही हातांनी त्याच्यावर ठेवला.

"हं," त्या म्हणाल्या. "उघड यावर एखादी पोथी. कोणतीही."

"आक्का, हा जळालाय."

"दोन म्हणालीस तू."

"म्हणजे... आधी याच्यावर होती ना प्रत."

"मी तुला आधीचं विचारत नाही. तुझ्यासमोर काय आहे ते सांग. पाहून सांग."

केतकीने पाहिलं. फडक्यावर हिरवी पाटी होती. टेबलावर संगणक होता, आणि त्याचा पंखा घुंघुं करत होता.

"एक जळालेला बोर्ड आहे," ती म्हणाली. "आणि एक चालू संगणक आहे."

"मग दोन संगणक कुठून आले?"

केतकीची नजर फडक्यावरून टेबलावर गेली आणि परत आली.

"कुठून आले, बाई? मला तर दिसले नाहीत. तुला कुठं दिसले?"

"मला वाटलं... एक म्हणाले तर खोटं होईल."

"वाटलं."

"हो."

"मग वाटलं ते बोललीस."

आक्का एवढं म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या आसनावर जाऊन बसल्या. त्यांचं आसन म्हणजे वीतभर उंचीचा लाकडी पाट. त्यांनी बोरू उचलला.

केतकी फडक्याजवळ तशीच बसून राहिली. वर्षभरात एक वाक्य आपण नेमाने बोललो, आणि नेमकं तेच मोडकं निघालं. हसावं की काय करावं, तिला कळेना. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, शिकून शिकून काय मिळवलंस ते हे.

"पुन्हा लावू का फोन?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस?"

"तुम्ही बोलता का या वेळी? तुमचं ऐकतील ते. तुमचा आवाज शाळेतला आहे."

"बोर्ड मी बदलला का?"

"नाही."

"मग?"

पुन्हा त्रेसष्ट आकडे. या वेळी आक्का आसनावरूनच सांगत होत्या. आधीचे आकडे पाठ झाले होते त्यांना, आणि हे आकडे तेच आहेत की नाहीत हे केतकीने गुपचूप ताडून पाहिलं. तेच होते. पाचव्या गटाला ईरा कुंथली. केतकीचं बोट हवेत थांबलं.

"झोपलीये," आक्का म्हणाल्या. "तीन."

"पण आवाज आला."

"झोपेत आवाज येतो. तीन, आठ."

सतार संपली, आणि या वेळी एक पुरुष आला. आवाजावरून विशीतला असावा. त्यालाही मराठी येत होती.

"मॅडम, ही प्रत किती संगणकांवर आहे?"

केतकीने टेबलाकडे पाहिलं. मग फडक्याकडे पाहिलं. नुसतं पाहायचं, आणखी काही नाही, हे इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. कारण मध्ये मध्ये प्रश्न उभे राहत होते. हा ऐकेल का. आधीच्या बाईने काही लिहून ठेवलं असेल का. आपण चोर ठरू का. ते प्रश्न सरकवून तिने पुन्हा पाहिलं.

"एक," ती म्हणाली. "संगणक एक आहे. त्याचा बोर्ड जळाला, तो मी बदलला. जुना माझ्यासमोर फडक्यावर ठेवलाय."



"फडक्यावर?"

"हो."

"...ठीक आहे, मॅडम. आकडे लिहून घ्या."

आठ गट आले, सहासहा आकड्यांचे. आक्कांनी ते बोरूने, शाईत, मराठी आकड्यांत एका कागदावर उतरवले. तासलेल्या नव्या बोरूचं पहिलं लिखाण ते. केतकीने ते संगणकात भरले आणि बटण दाबलं.

फिकट अक्षरं गेली. कसलाही आवाज नाही, निरोप नाही. कोपरा नुसता रिकामा झाला.

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एम.एस्सी. बाई, पहिला वर्ग, आणि परवाना चालू झाला म्हणून रडते आहे. तिने पदरासाठी हात नेला, तेव्हा लक्षात आलं की आपण सलवार-कमीज घातलाय.

"नवी किल्ली दिली त्यांनी?" आक्कांनी विचारलं.

"नाही. किल्ली जुनीच. खोक्यावर छापलेला परवान्याचा क्रमांक आहे ना, तीच. त्यांनी फक्त होकार दिला."

"मशीन पाहायला कोणी आलं होतं?"

"नाही."

"येणार आहे?"

"नाही."

"मग कशावरून दिला होकार?"

केतकीने ओढणीने डोळे पुसले. "मी सांगितलं म्हणून."

आक्कांनी बोरू पाण्यात बुडवून चिंधीला पुसला. बाहेर कडुलिंबाखाली कुणीतरी सायकल लावून पाणी प्यायलं आणि निघून गेलं.

"आक्का."

"बोल."

"नेम कसा मोडला ते तुम्ही विचारलं नाही."

"तू सांगितलं नाहीस."

केतकी संगणकापुढच्या खुर्चीत बसली होती. तिने झोळीकडे पाहिलं, पण उठली नाही.

"सासूबाई सकाळी विचारतात, बरी आहेस ना? मी म्हणते, हो. मंदार दुपारी फोन करतो, जेवलीस का, झोपलीस का? हो. आई रविवारी विचारते. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी कागदावर लिहून प्रश्न विचारले होते, झोप लागते का, रडू येतं का, असे दहा प्रश्न. मी दहाही ठिकाणी बरोबर खूण केली. शाळेत असल्यासारखी."

"हं."

"लोक चांगले आहेत सगळे. कुणी वाईट मनाने विचारत नाही."

"नाही."

"मघाशी तुम्हीही विचारलंत."

"विचारलं."

"तुम्हालाही मी तेच सांगितलं."

संगणकाचा पंखा चालू होता. झोळी वाऱ्याने किंचित हलली आणि थांबली.

केतकीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते थरथरत होते. तिने ते थरथरताना पाहिले.

"आक्का," ती म्हणाली, "मी बरी नाहीये."

काही झालं नाही. छप्पर पडलं नाही. ईरा जागी झाली नाही.

आक्कांनी बोरू ठेवला. गुडघ्यांवर हात रेटून त्या उठल्या, आणि पाट तिथेच टाकून केतकीच्या खुर्चीसमोर आल्या.

त्या मठात बोलणारा वर बसतो आणि ऐकणारा खाली. हे कुणी लिहिलेलं नाही, पण आक्कांना पाट सोडून खाली बसलेलं पाच वर्षांत केतकीने एकदाही पाहिलं नव्हतं.

आक्का खाली बसल्या. मांडी घातली. पदर सारखा केला.

केतकी गडबडीने खुर्चीतून उठू लागली. आक्कांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला परत बसवलं, आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"सुरुवातीपासून सांग," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."